दोन्ही सिलिंडर एकशे पंधरा

बोटीची मोटर मी घेऊन देतो, असं मी बोलून गेलो ते मेहुण्याच्या घरी, ताटातल्या पुरणपोळीवर दुसऱ्यांदा तूप पडत असताना. मला कोणी विचारलं नव्हतं. मेहुण्यानं होशंगाबादच्या पुढं नर्मदेच्या काठाला थोडं शेत घेतलं होतं आणि शेताबरोबर आधीच्या मालकाची फायबरची एक होडीही त्याच्या पदरात पडली होती. होडीला वल्ही होती, मोटर नव्हती. दोन महिने वल्हवून मेहुण्याची पाठ धरली होती आणि तो जेवताना नुसता कण्हत होता, इतकंच. मी म्हणालो, "मोटर माझ्यावर सोड. जुनी, पण चांगली शोधून देतो. तपासून."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पोहता येत नाही," ती म्हणाली.

"मोटर तपासायला पोहावं लागत नाही," मी म्हणालो. मेहुणा हसला आणि बेत पक्का झाला.

'तपासून' हा शब्द मी सहज वापरला नव्हता. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात मी चौतीस वर्षं क्वालिटीत काढली. म्हणजे तयार झालेले अवजड भाग बरोबर मापाचे आहेत की नाहीत, हे ठरवणारा जो विभाग असतो, तो. नातेवाईकांत माझी ख्याती अशी की हा माणूस केसाच्या जाडीचा फरकही सोडत नाही. खरी गोष्ट अशी की मापं फिटर लोक घ्यायचे आणि मी त्या कागदांवर सह्या करायचो. पहिली सातआठ वर्षं हातात मापाचं यंत्र असायचं, नंतर पेन आलं ते निवृत्तीपर्यंत सुटलं नाही. हा फरक मी चारचौघांत कधी सांगितला नाही आणि हळूहळू माझाही माझ्यावर विश्वास बसला.

फोनवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती असतात, तिथं आठवड्यात एक मोटर सापडली. पंधरा हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची. ठिकाण मिसरोद, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. विकणाऱ्याशी फोनवर बोललो. आवाज शांत होता. "आइए, देख लीजिए," एवढंच म्हणाला. मी मात्र लगेच गेलो नाही. अभ्यास करायचा होता.

पुढचे दहा दिवस मी परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. सगळे जण एकच सांगत होते, की जुनी मोटर घ्यायची तर आधी तिचं कंप्रेशन बघा. गोष्ट सोपी आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा अडकल्या की ती हवा बाजूनं निसटते, दाब कमी पडतो आणि मोटर आवाज भरपूर करते पण जोर लावत नाही. म्हणून स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकात दाब मोजायचं गेज बसवायचं आणि दोरी चारपाच वेळा जोरात ओढायची. काटा चढत चढत एका आकड्यावर थांबतो. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक कमी आला, तर समजायचं की तो सिलिंडर आजारी आहे.

गेज मी जवाहर चौकातल्या एका पार्ट्सच्या दुकानातून आणलं. दुकानदारानं डबीवरची धूळ फुंकली आणि विचारलं, "किस गाड़ी के लिए?"

"बोट की मोटर के लिए," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच, कारण दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती.

डबीत एक घडी घातलेला कागद होता, बारीक अक्षरांतला. तो मी वाचला नाही. कारखान्यात असताना सूचनापत्र न वाचता यंत्र हाताळलेल्या माणसाला मी लेखी जाब विचारत असे. पण मी दहा दिवस व्हिडिओ पाहिले होते आणि कागद वाचायचा तर चष्मा शोधावा लागला असता. सराव म्हणून बायकोच्या स्कूटरचा प्लग काढून तीन वेळा कंप्रेशन मोजलं. तिन्ही वेळा आकडा ठीक आला. गेज डबीत कोंबताना फुस्स असा आवाज झाला आणि काटा शून्यावर गेला, तिकडे मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर चालू झाली नाही आणि बायकोला तिच्या भिशीला रिक्षानं जावं लागलं, ते सोडा. महत्त्वाचा मुद्दा असा की स्कूटरला सिलिंडर एकच असतो. पहिल्या सिलिंडरवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काय करायचं असतं, हे स्कूटर मला शिकवू शकत नव्हती.

मिसरोदला गेलो तेव्हा तो माणूस पाण्याच्या कॅन भरत होता. पंचेचाळिशीचा असेल, बारीक अंगाचा, पायजम्याचे पाय दुमडलेले. पूर्वी एका धरणावर तो सहलीला येणाऱ्या लोकांना बोटीतून फिरवायचा. ते काम बंद झालं, बोटी गेल्या, ही एक मोटर उरली. आता घराच्या पुढच्या खोलीत पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि मागच्या अंगणात लाकडी घोडीवर ही मोटर. मोटर त्यानं पुसून ठेवली होती. जुनं फडकं तिच्या डोक्यावर टाकलेलं होतं, ते त्यानं उचललं तेव्हा मला वाटलं, हा माणूस विकायला फारसा राजी नाही.

त्यानं आधी पाण्याच्या पिंपात मोटर बुडवून चालू करून दाखवली. तिसऱ्या ओढीला चालू झाली. धूर बेताचा. मी मान डोलावली. त्यानं बंद केली आणि म्हणाला, "साहब, ड्रम में तो सब चलती हैं। एक बात पहले बता दूँ। नीचे वाला सिलेंडर मुझे थका हुआ लगता है। आवाज़ में फ़र्क़ है। पंद्रह साल से सुन रहा हूँ।"

जुनी वस्तू विकणारा माणूस स्वतःहून तिचा दोष सांगतोय, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? खुर्ची ओढून बसावं आणि ऐकावं. मी पिशवीतून गेज काढलं.

"आवाज़ का क्या है," मी म्हणालो, "नापकर देख लेते हैं।"

हे मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर मला आजही आठवतो. कनिष्ठ माणसाशी सौजन्यानं बोलण्याचा माझा कारखान्यातला खास सूर होता तो.

सगळं नियमाप्रमाणं केलं. दोन्ही प्लग काढले, ठिणगी बंद केली, थ्रॉटल पूर्ण उघडला. हे सगळं त्याला समजावून सांगत केलं, जणू त्यानं मोटर कधी पाहिलीच नव्हती. वरच्या सिलिंडरमध्ये गेज बसवलं. दोरी मी दोनदा ओढली आणि खांद्यात कळ आली, मग पुढच्या ओढी त्यानं मारल्या. काटा उड्या मारत चढला, साठ, नव्वद, एकशे दहा, आणि एकशे पंधरावर थांबला. मी वहीत लिहिलं. गेज काढत होतो तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, झालं का?"

"तपासणी सुरू आहे," मी म्हणालो आणि त्याच्याशी बोलत बोलतच, एका हातानं, गेज खालच्या सिलिंडरमध्ये फिरवून बसवलं. फोन ठेवला. त्या माणसानं पाच वेळा दोरी ओढली. मी काट्याकडे पाहिलं. एकशे पंधरा.

तो काटा उड्या मारत चढला नव्हता. तो जागचा हललाच नव्हता. हे मी पाहिलं होतं, माझ्या या डोळ्यांनी, आणि मला ते स्थैर्य वाटलं.

"देखिए," मी गेज त्याच्यासमोर धरलं. "एकशे पंधरा ऊपर, एकशे पंधरा नीचे।" आनंदात माझं अर्धं मराठी बाहेर पडत होतं.

तो वाकून बघत राहिला. मग हळू म्हणाला, "एक बार और कर लें?"

"यंत्र झूठ नहीं बोलता।"

"किसी मिस्त्री को भी दिखा लेते तो…"

"मैं चौंतीस साल क्वालिटी में था।"

तो म्हणाला, "फिर तो आप ही जानते होंगे।" तो थोडी किंमत कमी करायला तयार होता, त्याच्या मनातल्या शंकेपायी. मी ती सवलतही नाकारली. निर्दोष मालाची किंमत कमी करणं माझ्या तत्त्वात बसत नाही, असं काहीतरी मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर एक गोंधळ होता. तो मला फायदा झाल्याचा गोंधळ वाटला. तसा तो नव्हता, हे मला पुढं कळलं.

मोटर आम्ही दोघांनी उचलून माझ्या गाडीत ठेवली. निघताना त्यानं ते जुनं फडकं घडी करून मोटरीवर ठेवलं.

पुढच्या रविवारी मी, बायको आणि मेहुणा होडीत बसलो. तिघांनी नारिंगी लाइफ जॅकेट घातली होती, माझं पोटावर बंद होत नव्हतं. मोटर चालू झाली आणि आम्ही प्रवाहाच्या दिशेनं निघालो. काय सांगू, फार छान वाटलं. वारा, दोन्ही काठ मागं पळतायत, मेहुणा पाठ टेकून बसलाय. मी बायकोला कंप्रेशन म्हणजे काय ते सांगितलं. दोन्ही सिलिंडर सारखे असणं किती दुर्मिळ, तेही सांगितलं. प्रवाहाबरोबर तर ओंडकाही छान जातो, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोनेक किलोमीटरवर होडी वळवली. आता प्रवाहाविरुद्ध. मी थ्रॉटल वाढवला. आवाज वाढला. अजून वाढवला. मोटर थरथरत ओरडत होती, मागं पाणी उसळत होतं, सगळं कसं वेगात चाललेलं. बायको बराच वेळ काठाकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "हे बाभळीचं झाड मघाशीपण इथंच होतं ना?"

"बाभळी पुष्कळ आहेत इकडे," मी म्हणालो.

"फांदीला निळी पिशवी अडकलेली बाभूळ एकच असेल."

मी बघितलं. निळी पिशवी होती. आम्ही पाण्यात उभे होतो. काठावरून एक म्हैस चरत चरत पुढं गेली, दिसेनाशी झाली. मेहुणा वल्ही हातात घेऊन कण्हला. दहा मिनिटांनी मोटर खोकली आणि बंद पडली आणि मग ती बाभूळ एकदाची हलली, पण उलट्या बाजूला.

आम्हाला वाचवलं ते दोन बायकांनी. त्या लाकडी नावेतून चारा नेत होत्या, काठाकाठानं, लांब बांबूनं नाव रेटत. त्यांनी आमच्या होडीला दोर बांधला. बायको त्यांच्या नावेत चाऱ्याच्या भाऱ्यावर जाऊन बसली आणि त्यांच्याशी म्हशींच्या दुधाबद्दल बोलू लागली. मी आणि मेहुणा मागं फरफटत येत होतो. त्यातली एक बाई मागं वळून म्हणाली, "मशीन तो अच्छी दिख रही है, बाबूजी।"

काठावर उतरलो आणि मी एक गोष्ट केली, ती सांगताना आजही मान खाली जाते. मी मिसरोदच्या त्या माणसाला फोन लावला. मेहुणा ऐकत होता, बहुधा म्हणूनच लावला. मी म्हणालो की तुम्ही मला खराब माल दिलात, सज्जनाशी असं वागत नसतात, आणि बरंच काही. मेहुण्याला दिसावं म्हणून एक हात हवेत हलवत होतो.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहब, मैंने तो बोला था आपको।"

मी फोन बंद केला. "बघ, कबूलही करत नाही," मी मेहुण्याला म्हणालो.

भोपाळला परत आल्यावर मोटर मागच्या व्हरांड्यात ठेवली गेली. दोन दिवसांनी मी दुपारी उठलो तर बाहेर माझ्या विभागातला जुना फिटर उभा. माणूस मूळचा वर्ध्याकडचा. आयुष्यभर मी ज्या मापांवर सह्या केल्या, त्यातली अर्धी त्यानं घेतलेली. आता निवृत्त होऊन बरखेड्यात मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो, घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. मोटर घ्यायच्या आधी मी त्याला का बोलावलं नाही, हा प्रश्न कोणीही विचारावा. उत्तर असं की एकदा मी त्याच्याकडून दिवसभराची सगळी मापं पुन्हा घेववली होती, कारण त्याच्याकडून कागदावर यंत्राचा नंबर लिहायचा राहिला होता. ज्याला असं वागवलं त्याला, "जरा ये, मला गेज लावता येत नाही," असं कसं म्हणणार? बायकोनं मला न विचारता त्याला फोन केला होता.

"वहिनी म्हणाल्या, मोटर जोर नाही लावून राहिली," तो म्हणाला. "गेज आहे न तुमच्याकडे साहेब? द्या."

मी डबी दिली. त्यानं गेज बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हे कधी वापरलं होतं?"

"दहाएक दिवस झाले. मिसरोदला."

"काटा नव्वदावर आहे."

मी म्हणालो, "म्हणजे? खराब निघालं?"

"नाही न. याच्या पोटात अजून हवा आहे." त्यानं गेजच्या बाजूला असलेलं छोटंसं पितळी बटण दाबलं. फुस्स असा आवाज झाला आणि काटा शून्यावर आला. "एका सिलिंडरचं माप झालं का हे दाबून रिकामं करा लागते. नाही तर पहिला आकडा तसाच बसून राहते. दुसऱ्यात दाब कमी असला, तर काटा हलणारच नाही."

बायको दारात उभी होती.

"तुम्ही दाबलं होतं न मधात?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान मला रागावता आलं असतं.

"बहुतेक," मी म्हणालो.

मग त्यानं मोजलं. वरचा एकशे पंधरा. बटण दाबलं, फुस्स. खालचा सत्तर. मग त्यानं बायकोकडून चमचा मागून घेतला, खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं. पंच्याण्णव. "रिंगा आहेत," तो म्हणाला. "ऑइलनं फट बुजली म्हणून आकडा चढला. पिस्टन ठीक असेल. काही मोठं नाही साहेब."

डबीतला तो घडी घातलेला कागद बायकोनं उचलला, चष्मा लावला आणि वाचायला घेतला. बटणाची सूचना दुसऱ्या ओळीत होती. ती तिनं मोठ्यानं वाचली नाही, नुसता कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही फोनवर काय काय बोललात."

फोन करून माफी मागता आली असती. मी दोन दिवस तसा विचारही करत होतो, की नेटवर्क खराब असेल अशी वेळ बघून करावा. शेवटी बायकोच म्हणाली, मी भाजी आणायला निघालेय, मला मिसरोदपर्यंत सोडा. मिसरोदला भाजी आणायला कोणी जात नाही. आम्ही गेलो.

तो कॅन धूत होता. मला बघून उभा राहिला, हात पुसले. बायको गाडीतच बसली. मी जे घडलं ते सांगितलं, बटणासकट. सांगताना लक्षात आलं की हिंदीत माफी मागायचे माझ्याकडे फार थोडे शब्द आहेत. चौतीस वर्षं हिंदी बोललो, पण बहुतेक हुकूमच दिले. मी म्हणालो, "ग़लती मेरी थी। आपने सही बोला था।"

तो कॅनवर बसला. मला वाटलं, आता चिडेल. त्याऐवजी त्यानं मोठा श्वास सोडला आणि हसला.

"मैं तो कान दिखा आया डॉक्टर को," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. मी मोटर घेऊन गेल्यावर त्याला चैन पडेना. पंधरा वर्षं त्यानं कानानं इंजिनं ओळखली होती. बोटीत वीस माणसं बसवायची तर आधी मोटरचा आवाज ऐकायचा, पटला तरच काठ सोडायचा. आता एवढे मोठे साहेब आले, चौतीस वर्षं क्वालिटीत असलेले, त्यांनी मीटर लावून दाखवलं की दोन्ही सिलिंडर सारखे आहेत. म्हणजे आपले कान गेले. मागं इतकी वर्षं जे ऐकलं, तेही चुकीचंच असेल का, असं त्याला वाटायला लागलं. स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही. गुपचूप डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं मळ काढला आणि म्हणाला, कान उत्तम आहेत. तरी याच्या मनातली शंका जाईना. मग मी फोन करून शिव्या दिल्या. तेव्हा, म्हणाला, खरं सांगतो साहेब, मला बरं वाटलं.

मी उभाच होतो. मोटर चुकीची घेतली, नदीत उभे राहिलो, चाऱ्यामागून ओढले गेलो, या सगळ्याची मी मनात एक विनोदी गोष्ट करून ठेवली होती, नातेवाईकांना सांगायला. एका माणसाला आपण त्याच्याच कानांवर शंका घ्यायला लावली, हे त्या गोष्टीत कुठं बसत नव्हतं. सही करताना असं किती फिटरांच्या बाबतीत झालं असेल, हेही डोक्यात आलं. ते मी तिथंच सोडून दिलं, कारण मोजायला बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

"बैठिए," तो म्हणाला. बायकोलाही गाडीतून बोलावलं. चहा झाला. मग तो आत गेला आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्यात त्याच मोटरीच्या रिंगांचा एक नवा संच होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. धरणावर असताना घेऊन ठेवलेला. "रविवार को मैं ही आ जाता हूँ," तो म्हणाला. "आपके फिटर साहब से भी मिल लूँगा।"

रविवारी दोघं माझ्या व्हरांड्यात बसले. मी ओळख करून देत होतो तोवर त्यांचं बोलणं सुरूही झालं होतं. मोटर उघडली. खालच्या पिस्टनच्या रिंगा काजळीनं खाचेत चिकटून बसल्या होत्या, हलतच नव्हत्या. फिटर त्या नखानं दाखवत होता, हा मान डोलावत होता, मध्येच दोघं हसत होते. एक वर्ध्याकडची हिंदी बोलत होता, एक भोपाळची, आणि मधल्या मधल्या गोष्टी नुसत्या हातानं चालल्या होत्या. मी दोनदा मत मांडलं. पहिल्यांदा दोघांनी आदरानं ऐकून घेतलं आणि कामाला लागले. दुसऱ्यांदा फिटर म्हणाला, "साहेब, तो पाना जरा इकडे देता का?" त्यानंतर मी पाने देत राहिलो. एकदा चुकीच्या नंबरचा पाना दिला, पण कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

दुपारी मोटर बंद झाली, म्हणजे जुळवून झाली. फिटरनं गेज माझ्या हातात दिलं. "घ्या साहेब, तुम्ही मोजा."

मी वरचा सिलिंडर मोजला. बटण दाबलं. खरं तर तीन वेळा दाबलं. मग खालचा. एकशे पाच. नव्या रिंगा बसायला वेळ लागतो, चालली की अजून चढेल, असं दोघंही एकदम म्हणाले.

तो आकडा चढला का, हे मी परत मोजलेलं नाही. पंधरा दिवसांनी आम्ही चौघं शेतावर गेलो, मी, बायको, फिटर आणि तो मिसरोदचा. मेहुणा काठावर वाट बघत होता. मोटर होडीला लावली आणि मी पुढं होऊन माझं नारिंगी जॅकेट शोधायला लागलो. तेवढ्यात मिसरोदचा म्हणाला, "पहले मैं अकेला एक चक्कर ले लूँ?" कोणाची काही हरकत नव्हती. त्यानं चपला काठावर काढून ठेवल्या, दोरी एकदाच ओढली आणि थेट प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या अंगाला निघाला. आम्ही चौघं बघत राहिलो. वळणापलीकडे गेल्यावर तो दिसेनासा झाला, नुसता आवाज येत राहिला. मग तोही येईनासा झाला.

"परत येईल ना?" मेहुण्यानं विचारलं.

पाऊण तासानं तो आला. होडी खुंटीला बांधली, पाय धुतले, चपला घातल्या. बायकोनं झाडाखाली पानं मांडली होती, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. मला त्याला विचारायचं होतं की कशी चालते, खालचा सिलिंडर कसा वाटतो. ते शब्द दोनदा तोंडाशी आले. फिटर माझ्याकडे बघत होता. त्या तपासणीवर माझी सही लागत नव्हती. मी भाकरी मोडली. त्या माणसानं भाजी दोनदा मागून घेतली, मेहुण्याला विहिरीच्या पाण्याबद्दल काहीबाही विचारलं, आणि जेवण होईपर्यंत मोटरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.